अक्कासाहेबांच्या मापाची गाडी

"काका, तुम्हाला ही गाडी चालवता येते का?"

मी विचारलं आणि पप्पांच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

काका म्हणजे रणधीरराव इंगवले. ज्यांच्या वाढदिवसाचे फलक निम्म्या कोल्हापुरात लागतात, ते. ऊस वाहायच्या ट्रॉलीवर दोरखंडानं बांधून त्यांनी ती गाडी उद्यमनगरात आमच्या गॅरेजला आणली होती, आणि मघापासून तिच्या गंजक्या बॉनेटवर हात ठेवून ते पप्पांना घराण्याचा इतिहास ऐकवत होते. दोन सीटांची, बिनछपराची, विलायती स्पोर्ट्स कार. अख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी नाही. आमच्या रक्तातच वेग आहे, मेस्त्री. असं सगळं.

समोरच्या लेथवाल्याच्या पायरीवर माझ्या वर्गातल्या आफरीन आणि शिवांजली तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. "लई धीट झालीयस ना? मग त्या मिशीला विचारून दाखव, गाडी येते का चालवायला. नाहीतर सोमवारी फळ्यावर लिहायचं, मी भित्री."

धीट झाले होते हे खरंच. आठवीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. नववीत हँडबॉलच्या टीममध्ये गोलकीपर झाले, अंगावर येणारे चेंडू छातीनं अडवायला लागले, आणि काय झालं कुणास ठाऊक, आतली कुठलीतरी गुठळी फुटली. मग मी कुणालाही काहीही विचारायला लागले. आता बारावीत आहे, अजून विचारते. पण त्या उन्हाळ्यासारखं नाही.

"प्रणोती!" पप्पा दातांतल्या दातांत म्हणाले.

"असू दे, मेस्त्री." रणधीररावांनी मिशीला हात लावला. "येते की बाळा. घरी सहा गाड्या आहेत आमच्या."

"सहा नाही, ही?"

"ही आमच्या वडलांची. दादासाहेबांची. आम्ही लहान होतो तेव्हा."

"मग शेवटची कुणी चालवली?"

"मी," कुणीतरी म्हणालं.

सगळे वळले. फाटकाशी रणधीररावांची उंच पांढरी जीपगाडी उभी होती. तिचं दार उघडं, आणि मागच्या सीटवर एक एवढीशी म्हातारी, डोक्यावरून पदर, नाकात चमकी. पाय पायरीच्या कितीतरी वर लोंबत होते, शाळेच्या बाकावर बसलेल्या पहिलीतल्या पोरीसारखे.

"आमच्या आत्या. अक्कासाहेब," रणधीरराव म्हणाले. "गाडीला निरोप द्यायला आल्यात."

"निरोप कसला? दुरुस्तीला आणलीय, का पोचवायला?" अक्कासाहेब म्हणाल्या. "दादा गेला त्या दिवशी दवाखान्यातनं मीच ही घरी आणली. शेडमध्ये लावली, चावी काढली. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. "मग बाहेर पण तुम्हीच काढायची!"

"म्हणजे?"

"आमच्या गॅरेजची रीत आहे. इंजिन खोलून परत बांधलं की ज्यानं गाडी शेवटची बंद केली त्यानंच ती पहिल्यांदा फाटकाबाहेर काढायची आणि कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारायची. अल्लाबक्ष उस्तादांपासूनची रीत. ते पप्पांचे गुरू. हो की नाही, पप्पा?"

रीत खरी होती. खटाऱ्या टेम्पोचं इंजिन बांधलं तरी पप्पा त्याच्या जुन्या ड्रायव्हरला हुडकून आणायचे.

रणधीरराव हसले. "आत्यासाहेब ऐंशीच्या आहेत, बाळा."

"एक्क्याऐंशी," अक्कासाहेब म्हणाल्या. "आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं मला. कोपऱ्यापर्यंत नेते आणि परत आणते. मग तुझ्या त्या पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीला कुणालाही बसव."

लेथवाला बाहेर आला होता. चहावाला थांबला होता. एवढ्या लोकांसमोर रणधीरराव नाही कसं म्हणणार?

"बरं बाबा. पहिली फेरी आत्यासाहेबांची. शब्द दिला."

पायरीवरून आफरीननं शिट्टी मारली.

तो उन्हाळा माझा होता. सुट्टी लागली, मैत्रिणी मामाकडं गेल्या, आणि मी गॅरेजात. तोवर आमच्याकडं ट्रॅक्टर, टेम्पो, फारतर एखादी जुनी जीप यायची. ही गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. तिची एकेक जखम उघडताना पप्पा कुजबुजत बोलायचे. पिस्टन जागेवर धरून बसले होते. पप्पांनी सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवलं आणि बजावलं, "हिला घाई करायची नाही. भिजू दे." रोज सकाळी मी लाकडी दांड्यानं दाबून बघायची. एके सकाळी पिस्टन केसभर हलला आणि मी एवढ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरून मम्मी जिना उतरून धावत आली, कुणाचा हात सापडला म्हणून.

इंजिन पप्पांचं आणि बैठक मम्मीची. मम्मी गाड्यांची कुशनं शिवते. तिच्याकडं जाड कातड्यातून जाणारं मशीन आहे, आणि ते चालतं तेव्हा आमची स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. सीटांत उंदरांनी तीन पिढ्या वाढवल्या होत्या. कातडं पापडासारखं तुटत होतं. मम्मी एकेक शिवण उसवून जुने तुकडे जमिनीवर मांडायची, त्यावरून नवे कापायची. लाल रंग जुळेना तेव्हा तिनं ड्रायव्हरच्या सीटच्या घडीतला, ऊन न लागलेला एक तुकडा कापून मुंबईला पाठवला. "खरा रंग असा घडीत सापडतो," म्हणाली.

मला कार्बोरेटर मिळाले. दोन होते. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर इंजिन लंगडतं. इंजिन बांधून जागेवर चालू झालं तेव्हा पप्पांनी रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात दिलं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. "ऐक. आता दुसरा ऐक. कुठला जास्त ओढतोय?" पहिल्यांदा मला नुसतं समुद्रासारखं ऐकू आलं. पण पुढं मी नळी लावून सांगायची, "डावा भुकेला आहे," आणि पप्पा स्क्रू पाव आटा फिरवून मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यासाठी मी उभ्या उन्हात उपाशी राहिले असते.

अक्कासाहेब रोज दुपारी यायच्या. रणधीररावांचा ड्रायव्हर त्यांना सोडून जायचा. त्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर भडंगाचा डबा. त्यांनी कधी लुडबुड केली नाही, पण जीभ चालायची.

"मेस्त्री, पोरीला चहा तरी पाजा. गाडीचं ऑइल पितेय वाटतं, ओठ बघा कसे झालेत."

"अक्कासाहेब, तुम्ही शिकलात कुठं गाडी?" मी एकदा विचारलं.

"दादानं शिकवली. पन्हाळ्याच्या रस्त्यावर. आमच्या आबांना कळलं तेव्हा आबांनी दादाला काठीनं मारला. एवढा बाप्या झालेला, लग्न ठरलेलं, आणि अंगणात मार खातोय. मला म्हणतो, इंदू, तू क्लच लवकर सोडतेस, तेवढं सुधार."

आम्ही दोघी हसलो.

"आणि भीती नाही वाटली?"

"कशाची? दुसऱ्या गाड्यांत मी बसले की नुसती काच दिसते. टांग्यात चढायला मला कुणीतरी उचलायला लागायचं. सासरी गेले तिथं कपाटाच्या खणाला हात पोचायचा नाही, सगळे हसायचे. नवरा गेल्यावर परत इथं आले, इथंही तेच. सगळं जग दुसऱ्याच कुणाच्या तरी मापानं केलेलं." त्यांनी गाडीकडं पाहिलं. तेव्हा तिचा नुसता सांगाडा उभा होता. "ही एकटी माझ्या मापाची आली. बसले की पाय बरोब्बर पेडलवर. दादा म्हणायचा, इंदू, कंपनीनं तुझं माप घेऊनच धाडलीय बघ."

मी त्या वेळी नुसतं हो हो म्हटलं. दोन-तीन दिवसांनी पेडलं साफ करायला खाली पाठीवर सरकले, तेव्हा कळलं.

तिन्ही पेडलांवर जाड काळं रबर होतं. ते सोलून काढलं तर आत लाकूड. चार बोटं जाडीचे शिसवी ठोकळे, कडा गोल घासलेल्या, पेडलला बोल्टनं आवळलेले. रबर इतकं बेमालूम बसवलं होतं की वरून कंपनीचंच वाटावं. मी ओरडून मम्मीला हाक मारली, तर तिनं उंची वाढवायला सीटखाली घातलेली फळी काढून दाखवली. पाठीच्या कुशनमध्येही काथ्याचा एक जास्तीचा थर निघाला होता, फक्त ड्रायव्हरच्या.

"बाईमाणसासाठी केलंय कुणीतरी," मम्मी म्हणाली. "लई मायेनं केलंय."

मी तशीच, ग्रीसनं माखलेली, पप्पांकडं धावले. "पप्पा, दादासाहेबांनी केलं हे! आणि अक्कासाहेबांना सांगितलंच नाही! त्यांना अजून वाटतंय गाडी तशीच आली!"

पप्पांनी एक ठोकळा हातात घेतला. अंगठ्यानं त्याची कड चाचपली. बराच वेळ.

"बाजूला ठेव," म्हणाले. "आणि म्हातारीला बोलू नकोस."

बोलणार कशाला? एवढं सुंदर गुपित मी आयुष्यात पहिल्यांदाच पोटात ठेवत होते. मी ठोकळे पुसले, जवसाचं तेल चोळलं, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. अक्कासाहेब यायच्या तेव्हा मी मुद्दाम त्या फडक्याकडं पाठ करून बसायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दहावी. सकाळी शाळा, दुपारी क्लास. गाडीची शेवटची जुळणी मी शाळेत असताना झाली. पप्पा पेडलं बसवताना मी भूमितीत होते. घरी यायची तोवर गाडीवर कापड झाकलेलं असायचं. "रंग ओला आहे, हात लावायचा नाही," पप्पा म्हणायचे. मीही लावला नाही.

गाडी द्यायच्या दिवशी रविवार होता. गल्ली झाडून पाणी मारलेलं. रणधीररावांचे पाहुणे, रॅलीवाले दोघेजण, एक फोटोवाला. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, पेढ्यांचा पुडा. पप्पांनी कापड ओढलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. साईच्या रंगाची गाडी, आत लाल कातडं, तारांची चाकं उन्हात झगमगत होती. मम्मी लांब उभी राहून एका शिवणीकडं बघत होती. ती तिला किंचित वाकडी वाटत होती.

अक्कासाहेब आल्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. नवे कोरे. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. गाडीला एक चक्कर मारली, मागच्या मडगार्डवर हात टेकला, दार उघडलं आणि आत बसल्या.

आणि दिसेनाशा झाल्या.

म्हणजे स्टिअरिंगच्या वर नुसता डोक्यावरचा पदर दिसत होता. मी दाराशीच होते. त्या पुढं सरकल्या. पाय लांब केले. पांढऱ्या बुटांची टोकं हवेत होती. आणखी सरकल्या, सीटच्या पार कडेवर आल्या, बोटं ताणली. क्लचला नुसता बूट घासला. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून स्वतःला खाली ओढलं, तेव्हा समोरचं काही दिसेना. परत वर आल्या, तेव्हा पाय सुटले.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अहो आत्यासाहेब, वय झालं आता," रणधीरराव मोकळं हसले. "माणूस वाळतंय म्हातारपणी. राहू दे. बाजूच्या सीटवर बसा, फोटो काढू." पाहुणेही हसले. वाईट हसले नाहीत, आजीला हसतात तसे.

अक्कासाहेब हसल्या नाहीत. त्या आपल्या पायांकडं बघत होत्या.

"पोचायचे गं," त्या मला म्हणाल्या. अगदी हळू. "बरोब्बर पोचायचे. एवढं झिजतं का माणूस?"

मी वाकून खाली बघितलं. पेडलं कंपनीतून यावीत तशी, बारीक, चकचकीत. वर नवं पातळ रबर. ठोकळे नव्हते. मी मान वळवून पप्पांना शोधलं. ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते आणि हवा बरोबर असलेल्या टायरची हवा बघत होते.

रणधीररावांच्या ड्रायव्हरनं अक्कासाहेबांना काखेत हात घालून बाहेर काढलं. लहान मुलाला पाळण्यातून काढतात तसं. त्या फोटोला थांबल्या नाहीत. "मला घरी सोडा," एवढंच म्हणाल्या. मग रणधीररावांचा मुलगा गाडीत बसला, किल्ली फिरवली, इंजिन एका झटक्यात धरलं. दोन्ही कार्बोरेटर एकसारखे ओढत होते. टाळ्या पडल्या. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "ठोकळे कुठं आहेत?"

मम्मीनं ताटात भात वाढला. पप्पांनी त्यावर आमटी ओतून घेतली.

"बंबात घातले," पप्पा म्हणाले.

"का?"

"रणधीररावांनी सांगितलं म्हणून. मी ठोकळे नेऊन दाखवले त्यांना. म्हटलं, हे असं निघालंय, काय करायचं? म्हणाले, रॅलीत सगळं मूळचं लागतं, वरचं काही दिसलं की गुण कापतात. काढून टाका."

"रॅली पुढच्या महिन्यात आहे. आज एक दिवस बसवायचे होते. बोल्ट तर आवळायचे."

"मी पण तेच म्हटलं." पप्पांनी घास हातात धरून ठेवला. "तर म्हणाले, मेस्त्री, तुमच्या पोरीनं चारचौघांत माझ्याकडनं शब्द घेतला. आता मी नाही म्हटलं तर आत्या वर्षभर बोलणार नाही. पाय पोचलेच नाहीत तर मला नाही म्हणायलाच लागणार नाही. ती आपणहून उतरेल. कुणाचं मन दुखायला नको."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी ताट पुढं सरकवलं.

"आणि तुम्ही बरं म्हणालात?"

"गाडी त्यांची आहे, प्रणोती."

"मम्मी, तू फळी काढलीस? काथ्यापण?"

"मूळ मापानं शिवलं मी," मम्मी म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "एक्क्याऐंशीचं माणूस रस्त्यावर सोडायचं होतं का? उद्या क्लचऐवजी भलतंच काही दाबलं असतं तर? लेथवाल्याची पोरं खेळत असतात तिथं. कुणाच्या नावानं बोंब झाली असती? तुझ्या बापाच्याच."

"मग तोंडावर नाही म्हणायचं होतं."

"भांडल्या असत्या त्या."

"भांडू द्यायचं होतं की! त्यांना येतं भांडायला! आता कुणाशी भांडतील? पायांशी?"

"आवाज खाली कर," पप्पा म्हणाले.

मी आवाज खाली केला. धीट झाल्यापासून मी पहिल्यांदाच आवाज खाली केला, आणि बरेच दिवस तो वर आला नाही. गॅरेजात मी जायची, पाने पुसायची, ऑइलचे डबे लावायची. पप्पा नळी पुढं करायचे, "ऐकतेस?" मी म्हणायची, "गृहपाठ आहे."

पावसाळ्यात एकदा गाडीवर ओढायच्या टपाच्या कापडाची बटणं नेऊन द्यायला पप्पांनी मला इंगवल्यांच्या बंगल्यावर पाठवलं. गाडी पोर्चमध्ये होती, पुसून लख्ख. अक्कासाहेबांची खोली वरच्या मजल्यावर, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. गच्चीवर त्यांची झाडं होती, मोगरा आणि काय काय. मी जिन्याकडं वळले तर कामवाल्या मावशी म्हणाल्या, "वर न्हाईत त्या. खालीच आणलंय त्यांना."

स्वयंपाकघरामागच्या खोलीत पलंग टाकला होता. अक्कासाहेब भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय चादरीखाली. शेजारी चार पायांची काठी. ती पाहून मी चपापले. जूनमध्ये या बाई स्टुलावरून उडी मारून उतरायच्या.

"ये गं, गोलकीपर," म्हणाल्या. आवाज तोच, पण पुढं टोमणा आला नाही.

"पडलात की काय?"

"छे. पडायच्या आधीच सावध झाले." त्यांनी चादर सरळ केली. "इतके दिवस मला वाटायचं, डोळे बरे, कान बरे, चालतंय आपलं. आतनं कितीतरी संपलेय हे कळलंच नाही बघ. बोटभर नाही, चांगली वीतभर. जिना चढताना आता भीती वाटते. पायरी तिथं असेल ना, असं वाटतं. झाडं रणधीरनं माळ्याला सांगितलीत."

"अक्कासाहेब," मी म्हटलं, "ते पाय..."

तेवढ्यात रणधीरराव आत आले. "अरे वा, आमची प्रश्नवाली!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग चादर अक्कासाहेबांच्या पायांभोवती नीट खोचली, औषधाची गोळी काढून तळहातावर दिली, पाण्याचा पेला धरून उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांचं आत्यावर प्रेम होतं. ते बघून मला जास्त राग आला. मी बटणं टेबलावर ठेवली आणि निघाले. दारापर्यंत माझ्या पाठीमागं अक्कासाहेबांचा आवाज आला, "क्लच हळू सोडावा, एवढं लक्षात ठेव हं."

रॅलीत गाडीला बक्षीस मिळालं. सगळ्यात मूळ स्वरूपातली गाडी म्हणून. वर्तमानपत्रात फोटो आला, रणधीरराव हार घालून, आणि बाजूला आमचे पप्पा, नव्या शर्टात, डोळे मिटलेले. त्याच आठवड्यात सांगलीहून कुणाचा तरी फोन आला, त्यांच्या शेडमध्येही एक जुनी गाडी होती. मग बेळगावहून. मम्मीनं पुरणपोळ्या केल्या. पप्पांनी ताटावर बसल्या बसल्या सांगितलं की आता टेम्पो घेणं बंद, मागची भिंत पाडून शेड वाढवायची, आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रणोतीला पूर्ण इंजिन एकटीला बांधायला द्यायचं. ते माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यासाठी मी आधी काय केलं नसतं?

"मी अक्कासाहेबांना सांगणार आहे," मी म्हटलं.

मम्मीच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच राहिली.

"काय सांगणार?"

"की त्यांचे पाय होते तेवढेच आहेत. ठोकळे होते. काढले."

"प्रणोती," पप्पा म्हणाले, "ते इंगवले आहेत. ही नवी गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दावर येतायत. एक फोन केला त्यांनी तर उद्या फाटकात सायकलसुद्धा येणार नाही."

"माहितीय."

"माहितीय म्हणे! शेड काय तुझ्या हँडबॉलवर उभी राहणार आहे?"

मम्मीनं वाटी खाली ठेवली. तिचा आवाज पप्पांसारखा चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"आणि त्यांच्या दादाचं काय?" ती म्हणाली. "त्यानं एवढं मायेनं लपवलेलं. गाडी तुझ्याच मापाची आली म्हणून. जन्मात एक गोष्ट त्या बाईच्या मापाची निघाली, ती पण नव्हती, हे तू जाऊन सांगणार? ठोकळ्यांचं सांगितलंस की ते पण सांगायला लागतंय. अर्धं नाही सांगता येत."

याचा मी विचार केला नव्हता. पोळी ताटात थंड होत होती. खाली गॅरेजात कुणीतरी हाका मारत होतं, "मेस्त्री आहेत का?" आणि आमच्यापैकी कुणीच ओ देत नव्हतं. मला ते ठोकळे आठवले, त्यांच्या घासून गोल केलेल्या कडा. बुटाला टोचू नयेत म्हणून कुणीतरी बसून घासलेल्या. मग तो खालच्या खोलीतला पलंग आठवला, आणि चादरीखाली गप्प पडलेले पाय.

मी उठले. हात धुतले. टॉवेलनं नाही, ओढणीनंच पुसले, मम्मीला चालत नाही तरी.

"दोन्ही सांगणार," मी म्हटलं. "दादांचं आधी, मग आपलं. उद्या शाळा सुटली की परस्पर जाणार आहे. रणधीरकाका घरात असले तर त्यांच्यासमोर सांगणार. पप्पा, तुम्हाला त्यांना आधी फोन करून ठेवायचा असला तर आत्ताच करा, कारण मी थांबणार नाही."